पाटीवरचं कन्सल्टिंग

आमच्या घरी पाणी माय भरायची. ती आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला गेले की मी भरायचे, आणि मी कॉलेजला गेले की धाकटी सविता. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की टँकर यायचा आणि विहिरीतच रिकामा व्हायचा. गावाचं शेंदून झालं की मग आमच्या वस्तीची पाळी. तोवर बादलीत पाण्यापेक्षा गाळ जास्त असायचा. माय ते पाणी पदरातून गाळायची, त्यात तुरटी फिरवायची आणि हंडा झाकून ठेवायची. घरात कुणी दोनदा तोंड धुतलं तर ती ओरडायची नाही, नुसती बघायची. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. अशा घरातून मी कृषी अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याआधी आमच्या भावकीत कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे मी ताठ मानेनं सांगते.

पदवीनंतर बीडला तांबोळी सरांकडे नोकरी मागायला गेले. बस स्टँडजवळ सिमेंटच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, घोट्याजवळ दुमडलेली पँट, आणि विहिरीची खोली मोजायचा टेप कायम खांद्यावर. मी फाइल पुढं केली. त्यांनी ती उघडलीच नाही.

"घरी पाणी कोण भरतं?"

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे माणसं आधी गाव विचारतात, मग वस्ती, मग आडनाव. हा त्याच वाटेनं निघालेला नवा प्रश्न आहे, असं मला वाटलं. मी म्हणाले, "माय भरते. सगळ्यांच्या मागून भरते. अजून काही विचारायचंय?"

"न्हाई," सर म्हणाले. "उद्यापासून ये."

पुढं कळलं, हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. सरपंचाला, दूध संघाच्या संचालकाला, बाहेरून पाहणीला आलेल्या साहेबाला. बहुतेक पुरुष अडखळायचे. सर खाली उतरताना मला म्हणायचे, "ह्याला घरचं म्हाईत न्हाई, अन् ह्यो गावाच्या पाण्याचा ठराव मांडणार."

फर्म म्हणजे सर आणि मी. पाणी वापर संस्था, दूध संघ, एक सहकारी साखर कारखाना, एवढी गिऱ्हाइकं. विहिरी मोजायच्या, किती पाण्यात कोणतं पीक निघेल ते लिहून द्यायचं, आणि मग सभेत उभं राहून लोकांच्या शिव्या खायच्या. सर म्हणायचे, "आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या पानं विकली. मी सल्ला विकतो. फरक येवढाच, पानाला चुना लागतो. सल्ल्याला मी लावत न्हाई." हा विनोद ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि हसायचे स्वतःच.

दारावर पत्र्याची पाटी होती. त्यावर मोठ्या अक्षरात 'तांबोळी कन्सल्टिंग', आणि खाली बारीक अक्षरात 'पाणी, शेती, सहकार'. ती खालची ओळ कुणी वाचायचं नाही. कन्सल्टिंग हा शब्द बीडच्या लोकांनी फक्त डॉक्टरांच्या पाटीवर पाहिलेला. त्यामुळं बस स्टँडवर उतरलेली म्हातारी माणसं खोकत, गुडघे धरत जिना चढून वर यायची. सर त्यांना परतवून लावत नसत. खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, काय होतंय ते ऐकून घ्यायचे आणि नेमक्या दवाखान्याचा पत्ता सांगायचे.

एकदा माझी मायच आली. मी डॉक्टरच्या हाताखाली आहे, असंच ती गावात सांगत होती.

"साहेब, कंबर धरलीया. गोळी नगं, सुई द्या."

मी लाजेनं उठले. सरांनी मला हातानं बसवलं. "मावशी, मी मानसाचा डॉक्टर न्हाई. विहिरीचा हाय."

मायनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग आमची विहीर कावून सुदरत न्हाई?"

सर मोठ्यानं हसले. मग हसू थांबलं. मायला घेऊन स्वतः हाडाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं सांगितलं, हिनं आता उसाची मोळी उचलायची नाही. उचलली तर अंथरुणाला खिळेल. माय बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याला काय जातंय सांगाया."

माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, त्याच सालची गोष्ट. कारखान्याला गाळप वाढवायचं होतं. त्यासाठी नवा ऊस लागणार होता, आणि त्याला पाणी आहे का, हे सरांनी लिहून द्यायचं होतं. आम्ही उन्हातान्हात विहिरी मोजल्या. सरांनी लिहिलं, 'उपलब्ध पाणी अपुरं आहे.'

चेअरमननी बोलावून घेतलं. चहा मागवला. आवाज अगदी घरच्यासारखा. "सर, रिपोर्ट झ्याक हाय. फकस्त 'अपुरं'मधला 'अ' तेवडा काडा. येकच अक्षर हाय."

सर म्हणाले, "अण्णा, 'अ' काडल्यानं विहिरीत पाणी येत असंल, तर माझ्या नावातली समदी अक्षरं काडून देतो."

"तुमी लई हट्टी हाव."

"हट्टी विहीर हाय, अण्णा. मी तिचं सांगनं लिवलंय."

चहा तसाच राहिला. जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. सरांचे नव्हते. त्यांना पुढचं दिसत होतं. कारखान्याचं काम गेलं. मग दूध संघानं फोन उचलणं सोडलं. मग पाणी वापर संस्थांनी. सहकारात सगळे एकमेकांचे पाहुणे. एका दारात नाही म्हटलं की बाकीची दारं आपोआप लागतात. दिवसभर आम्ही दोघं खोलीत बसून असायचो, आणि वर यायचे ते फक्त गुडघे दुखणारे.

त्याच सुमारास पुण्याच्या एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मनं मला निवडल्याचं कळवलं. मी कॉलेजातून अर्ज केला होता, तो विसरलेही होते. पगार असा की मायला कोयता हातात धरायची गरज राहणार नव्हती. दसरा जवळ आला होता आणि ऊसतोडीचा मुकादम घरी येऊन निरोप ठेवून गेला होता, टोळीची जुळवाजुळव सुरू आहे म्हणून. माय कंबरेला पट्टा बांधून उठून दाखवत होती, बघ, होतंय की मला.

तरी मी अडले होते. मी सरांना विचारलं, काय करू? वाटलं होतं, ते थांब म्हणतील. मला तेच ऐकायचं होतं.

त्यांनी टेप टेबलावर ठेवला. "हे बघ. मोठ्या फर्ममधी तुला एका यंत्राचा पुर्जा करतील. पण पुर्जा पोलादाचा करतील, शिकवून. तुझा रिपोर्ट चारजण वाचतील, चूक सापडंल. इथं तू समदं करतीस, चहा, विहीर, रिपोर्ट, भांडन. लवकर मोठी होशील. पण इथं तुझी चूक धरनारा येकटा मी. अन् मी चुकलो तर? मला कोन धरनार?"

"पण तिथं 'अ' काढायला सांगितला तर?"

"सांगतीलच. तिथं 'न्हाई' म्हनलीस तर त्यांचं येक गिऱ्हाईक जाईल. इथं म्हनलो तर समदे गेले, बघितलंस की तू. 'न्हाई' म्हनाया बी पाठीमागं भित लागती, बाई."

"मग तुमच्यामागं कोणती भिंत होती?"

"नव्हती. म्हनून तर पडलो." ते हसले. "इचार कर. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दारावर पाटी नव्हती. चार खिळ्यांची भोकं तेवढी होती. सर जिन्यावर बसले होते आणि शेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली पाटी.

"बघ, पाटी काडली. आता निवडायचं राहिलं का काही? जा पुण्याला."

मी रडले. ते म्हणाले, "रडू नगंस. पानी जपून वापर."

दसऱ्याआधी मी पुण्यात रुजू झाले. मुकादम परत आला तेव्हा दादांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. मोठ्या फर्मनं मला खरंच शिकवलं. रिपोर्ट खरंच चारजण वाचायचे आणि माझ्या चुका लाल करून परत यायच्या. एकदा बैठकीत मी विचारलं, या गावात घरी पाणी कोण भरतं? शेजारचा मुलगा भाबडेपणानं म्हणाला, "नळ." सगळे हसले. मला हसू आलं नाही. तरी तो प्रश्न मी सोडला नाही. पुढं आमच्या टीमच्या पाहणीत तो पहिला प्रश्न झाला.

मधे भीमजयंतीला मी गावी निघाले होते. चौसाळ्याच्या फाट्यावर जीपसाठी उभी, तर पलीकडे बाभळीच्या विरळ सावलीत सर. खांद्यावर टेप. शर्ट अंगावर लोंबत होता.

"सर? तुम्ही तर फर्म बंद केली होती."

"कवा? मी पाटी काडली म्हनालो."

"म्हणजे खोटं बोललात माझ्याशी."

"इंजिनेर हायस ना गं तू? पाटी येगळी, फर्म येगळी. फर्म ही हाय," म्हणून त्यांनी टेपवर थाप मारली. "पाटी असती तर तू गेली नसतीस. अन् मावशी मोळी उचलत मेली असती."

मला राग येत होता आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. बुबुळाभोवतीचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. "सर, दाखवलं का कुणाला?"

"गावभर दुखनेकरी माझ्याकडं येत्यात. कन्सल्टिंग मीच. मला कोन तपासनार?" ते स्वतःच हसले.

ते आमच्याच गावाला चालले होते. नळ योजनेची विहीर कुठं घ्यायची, ते ठरवायला. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. मायनं त्या दिवशी विहिरीबद्दल विचारलेला प्रश्न त्यांनी उधार ठेवला नव्हता, एवढंच. गावातल्या बड्या लोकांना विहीर वेशीजवळ हवी होती. सरांनी सगळीकडे मोजून सांगितलं, पाणी पाझर तलावाच्या खाली आहे, म्हणजे आमच्या वस्तीच्या अंगाला. आणि तलावाच्या वरच्या बाजूला उसासाठी कुणी बोअर घेतला तर तेही जाईल. ग्रामसभेत दंगा झाला. एकजण ओरडला, "मंजी पाइप म्हारवड्यापसून सुरू व्हनार?"

सर शांतपणे म्हणाले, "व्हय. शेवटच्या घरापसून सुरू केला की पयल्या घराला पोचतोच. उलटं केलं की शेवटचं घर राहातं. इतके साल तुमी उलटंच केलं."

खाली बसताना त्यांनी खांबाचा आधार घेतला. मायनं तांब्या भरून पुढं केला. त्यांनी तो सभेसमोर तोंडाला लावून संपवला.

पावसाळा कोरडा गेला. सर औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात गेले. यकृत संपलं होतं आणि उशीर झाला होता. मला कळून मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा माती देऊन लोक परतले होते. भाभी, सरांच्या पत्नी, अंगणात बसल्या होत्या. हौदावर झाकण म्हणून पत्रा ठेवला होता. जवळ गेले तर तीच पाटी. पाण्यानं आणि उन्हानं रंग उडाला होता, पण 'कन्सल्टिंग' वाचता येत होतं.

"लिंबाचा पाला पडतो पाण्यात," भाभी म्हणाल्या. "उन्होंनेच ठेवली होती."

मी ती उचलली नाही. ती जागेवर होती.

सरांनी दाखवलेल्या जागी विहिरीला पाणी लागलं. तलावाच्या वर अजून कुणी बोअर घेतलेला नाही. पाइप आमच्या वस्तीपासून सुरू होऊन वेशीपर्यंत गेला. माय त्या दसऱ्यापासून उसाला गेली नाही. तिची कंबर दुखते, ती दुखतच राहणार, पण ती चालते. आमच्या घरी आता पाणी कुणी भरत नाही. नळाला येतं.