झेंडू बाहेर, कोबी आत

मंडळी, आज मी आमच्या सरायले लॅबच्या दारातच अडवलं.

मी रोज रिसोडहून एसटीनं वाशिमच्या कॉलेजात येते. तिथं पत्ताकोबीच्या रोपाचे चिमुकले तुकडे काचेच्या बाटल्यांत वाढवते. त्या तुकड्यांले कोंब फुटतात, मुळ्या येतात, अन् अख्खं रोप उभं राह्यते. फक्त त्या खोलीत बुरशी शिरता कामा नये.

मागच्या खंडेनवमीले सरायनं खोलीत मशिनीची पूजा केली. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. आठ दिवसांत माझ्या सगळ्या बाटल्या बुरशीनं काळ्या पडल्या. सरायनं रजिस्टरात लिहिलं, 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा'. मी गुमान सही केली.

आज पुन्हा खंडेनवमी. सर ताट घेऊन आले. आत कोंबांले आता कुठं पानं फुटून राह्यली होती.

"सर, पूजा बाहेर करा."

"काहून? शिकली म्हणून देव नको झाला काय तुले?"

"देव व्हरांड्यातबी येते, सर. पण बुरशी आत नाही पायजे."

मग मीच चिमटा अन् ब्लेड बाहेर आणून टेबलावर मांडलं, कुंकू लावलं. पूजा झाली की दोन्ही पुन्हा वाफेवर उकडून घेईन म्हटलं.

सर तापले. "हा उद्धटपणा रजिस्टरात लिहा लागन."

मी पेन पुढं केला. "लिवा, सर. पण मागच्या वर्षीचा नारळबी लिवा. मग मी सही करीन."

पेन तसाच टेबलावर पडून आहे. आता तुमीच सांगा, सही कोणाची राह्यली?