लाखामागे किती

कुणी आकडा उच्चारला की काका उजव्या हाताचं बोट उचलून हवेत एक आडवी रेघ ओढत. शाळेत अपूर्णांक मांडताना ओढतो तशी. मग त्या न दिसणाऱ्या रेघेच्या वर बोट टेकवून म्हणत, "हे तू सांगितलंस." नंतर बोट रेघेखाली नेऊन भुवया उंचावत, "आणि खाली?"

खाली काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसे. वरच्या आकड्याने घाबरून जाण्यासाठीच तर आपण पेपर वाचतो. खालचा शोधत बसायला सवड कुणाला आहे? तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो आला की गप्पांची मजा जाते आणि तो आला नाही की गप्पाच होत नाहीत.

उमेळे गावात आमची इमारत ज्या वाडीच्या कडेला उभी राहिली ती वाडी त्यांची. केळी, पानवेलीचा मांडव, विहिरीजवळ मोगऱ्याचे चार वाफे. स्वतः मात्र मुंबईत आकडेवारीच्या एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. इमारतीतले लोक त्यांना अंकल म्हणत. पहिल्या दिवशी मीही म्हणालो.

"अंकल कोण? काका म्हण. आमच्या सात पिढ्या मराठीतच भांडल्यात."

तेव्हापासून काका. मी वालीवच्या एका कारखान्यात माल तपासतो, हजार नगांमागे किती खराब निघाले ते लिहितो, हे कळल्यावर तर त्यांनी मला आपल्या गोटातच ओढलं. सोळा वर्षं मी त्या गोटात होतो आणि बहुतेक वेळ बोलणी खाल्ली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की विहिरीजवळच्या बाकावर मंडळी जमत. समुद्राकडून वारा येई, केळीची पानं सावकाश हलत, पाटाच्या पाण्यात त्यांच्या सावल्या वाहत गेल्यासारख्या दिसत, आणि आम्ही जगभरचे खून चर्चेला घेत असू. मोगऱ्याचा वास आणि खून! आता आठवताना ते सगळं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. कोण काय बोललं ते ऐकू येतं, पण जरा उशिरा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले आहेत. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की ते पेपर फडकवत येत. "बघा, बंदूक म्हणजे खेळणं झालंय तिकडे. आपल्याकडे ती भानगड नाही, म्हणून आपण सुखी."

"बंदूक नसली तर कोयता आहे की," मी मुद्दाम म्हणायचो. "मारणारा मारतोच."

काका दोघांनाही सोडत नसत. बँकवाल्यांना म्हणत, "तुम्ही तिकडची मोजता आणि इकडची मोजतच नाही. आधी दोन्हीकडचे सगळे खून मोजा, बंदुकीचे, कोयत्याचे, सगळे. मग दर लाख माणसांमागे किती ते काढा. मग बोला." माझ्याकडे वळून म्हणत, "आणि तुझा तो कोयतेवाला वर्गाच्या दारात उभा राहून एका दमात किती जणांना गाठेल रे?"

"तुलना करायची तर कुणाशी, हे लोक आधी ठरवतात," ते सांगत. "अमेरिका चांगली दाखवायची असेल तर शेजारी असा देश उभा करायचा जिथे रोज मुडदे पडतात. वाईट दाखवायची तर जपान आहेच. करवली कोण उभी केलीय त्यावर नवरीचं रूप."

"म्हणजे आकडे खोटे?" बँकवाले चिडून विचारत.

"आकडे खरे हो. आपण लबाड."

एकदा मला म्हणाले, "समज, मी आज तुला या विहिरीत ढकललं. आपल्या आळीत माणसं दोनशे. दोनशेत एक, म्हणजे लाखात पाचशे. आपली आळी जगात पहिली!"

"आणि पुढच्या वर्षी?"

"शून्य. पुन्हा देवदूतांची वस्ती."

काकींचा आवाज स्वयंपाकघरातून आला, "ढकलायच्या आधी त्याला चहा तरी पिऊ द्या."

त्यांची एकुलती मुलगी अमेरिकेत नर्स आहे. तिला सात वर्षांची मुलगी. एके सकाळी व्हिडिओ कॉलवर ती नात आजीला नवा खेळ सांगत होती. मी तिथेच होतो, वाडीतली पपई घ्यायला गेलो होतो. "आजी, टीचर दिवे बंद करते. आम्ही सगळे कोपऱ्यात लपतो. जो बोलेल तो आउट. मी एकदाही आउट झाले नाही."

काकी हसल्या. फोन ठेवला. मग त्यांनी काकांना विचारलं, "हा कसला खेळ?" काकांनी सांगितलं, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरला तर लपून राहायचा सराव. खोटं सांगणं त्यांना तेव्हा सुचलं नसावं.

त्यानंतर काकींचं जेवण तुटलं. मुलीला फोनवर एकच, "ये गं घरी. इथे काय हॉस्पिटलं नाहीत?" मुलगी म्हणे, "मम्मी, आता सगळं इथेच लागलंय आमचं." काकी रोझरी हातात घेऊन ओट्यावर बसून राहत, आणि मणी पुढे सरकत नसे.

एका दुपारी मी गेलो तेव्हा काका त्यांना समजावत होते. "अगं, मी आकडे बघितलेत. एका वर्षात आपल्या देशात तिकडच्यापेक्षा जास्त खून होतात. जास्त! ती तिकडे आहे हे बरंच म्हण." काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ज्याने आकड्यांत लबाडी केली नाही त्याचा शब्द होता तो. त्या आत गेल्या आणि भात वाढून घेतल्याचा आवाज आला.

मला गप्प बसायचं सुचायला हवं होतं. पण सोळा वर्षांचा सूड! मी हवेत रेघ ओढली. "काका, आणि खाली?"

त्यांनी माझा हात धरून खाली केला. इतका हलका धरला की मलाच कसंतरी झालं.

"आपण त्यांच्या चौपट आहोत, हा खालचा आकडा तिला सांगितला तर ती जेवेल का? असली तुलना माझ्या टेबलावरून कधी पुढे गेली नाही. आज मीच सही केली."

मग गोळीबाराची बातमी आली. मुलीच्याच शहरात, पण दुसऱ्या शाळेत. नात सुखरूप होती, तिच्या शाळेला नुसती सुट्टी दिली होती. त्या रविवारी काका बाकावर आले नाहीत. बँकवाल्यांनी पेपर घडी करून खिशात ठेवला. मला काका मागे पानवेलीच्या मांडवाखाली सापडले. वेली नीट बांधलेल्या असूनही पुन्हा बांधत होते.

"काका, शहर मोठं आहे, शाळा कितीतरी आहेत," मी म्हणालो. "तुम्हीच सांगता ना."

"मी सांगतो ते बरोबर आहे," ते म्हणाले. "हिशेबाने तिला काही होणार नाही. पण रात्री उठून उठून मी फोन बघतो त्याचं काय करू?"

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांत दोघं अमेरिकेला गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले, मग मुलीने तिकडे राहण्याचे कागद केले, आणि आता दोन वर्षं होऊन गेली. वाडीच्या पंपाची किल्ली माझ्याकडे आहे. मोगरा फुलतो, मी पाटाला पाणी सोडतो. रविवारी बाकावर बँकवाले आणि मी दोघंच असतो आणि बरेचदा नुसते पाण्याकडे बघत बसतो.

मागच्या आठवड्यात काकींचा फोन आला. तिकडे सकाळ होती. आवाज अगदी बारीक होता. काका बाहेर गेले होते तरी त्या कुजबुजत होत्या.

काका रोज नातीला शाळेत सोडून लायब्ररीत जातो म्हणून सांगतात, त्या म्हणाल्या. जावयाचा जाड कोट घालून जातात, ते शाळा सुटल्यावर नातीला घेऊनच परत येतात. परवा शाळेतून मुलीला फोन आला. दारावरच्या गार्डने निरोप दिला होता की एक म्हातारे गृहस्थ समोरच्या बसथांब्यावर दिवसभर बसतात. बस येतात, जातात, हे चढत नाहीत. मुलगी घाबरून गाडी घेऊन गेली. गार्ड तिला म्हणाला, "त्यांना रागावू नका. सकाळी घंटा झाली की रस्ता ओलांडून येतात आणि विचारतात, सगळी आली? शाळा सुटल्यावर विचारतात, सगळी घरी गेली? मी हो म्हणतो. टोपी काढून आभार मानतात आणि नातीचा हात धरून निघतात. इतकंच."

मुलगी त्यांना न भेटताच परत आली. संध्याकाळी काका जेवताना म्हणाले, आज लायब्ररीत फार गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने थर्मास भरून त्यांच्या पिशवीत ठेवला आणि दाराशी खाली बसून त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले.

"पप्पा," ती म्हणाली, "लायब्ररीत थंडी फार असते."