वरची कडी

शाहूपुरीतल्या आमच्या बालवाडीत कागद कधी विकत आणावा लागला नाही. शेजारच्या छापखान्यातून रंगीत कात्रणं पोतं भरून येतात. मी मैद्याची खळ शिजवते आणि मुलं पट्ट्या चिकटवून साखळ्या करतात. प्रत्येकाला मी एक चिठ्ठी देते; तिच्यावर जितके ठिपके, तितक्या कड्या. मग तीनवाला आणि चारवाली आपापल्या साखळ्या जोडतात, सात मोजतात आणि छप्पर डोक्यावर घेतात. बेरीज हा शब्द मी वर्षभर तोंडातून काढत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं मात्र माझं डोकं उठवलं. तिची आई बाजारात लिंबं विकायची. चिठ्ठी पाचाची असली की पोरीच्या कड्या सहा, तिनाची असली की चार. मी तापट बाई. जादाची कडी टर्रकन फाडायची आणि म्हणायची, "पुन्हा मोज." रोज तेच. शेवटी तिच्या आईला बोलावून सांगून टाकलं, "आकडे कच्चे आहेत. पहिलीत नको, अजून एक वर्ष इथंच राहू दे."

आईचा चेहरा उतरला. "मी शिकली न्हाई, बाई. माझ्यागत तिचं व्हायला नको," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कडी फाडायला हात पुढे केला, तर पोरगी साखळी पाठीमागं लपवून माझ्यावरच ओरडली, "पाचच हाईत की! ही वरची हाय. वरचं न्हाई दिलं तर गिऱ्हाईक परत येतंय व्हय?"

मी हात मागं घेतला. पाच लिंबांवर एक वर टाकायचं, ही तिच्या आईची रीत. ते वरचं लिंबू मीही किती वेळा हक्कानं मागून घेतलं होतं! लाज वाटली आणि हसूही आवरेना.

"बरं, वरची हिरवी कर," म्हटलं. नवाची चिठ्ठी दिली. तिनं नऊ लाल केल्या, एक हिरवी.

"सगळ्या मिळून किती?"

"धा," खळीची बोटं फ्रॉकला पुसत ती म्हणाली. मोजलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बाजारात जाऊन तिच्या आईपुढं उभी राहिले. "पहिलीत घाला तिला. तिचं बरोबर होतं. चुकत होतं ते माझं."

"न्हाई ओ, तुमचं कसं चुकंल? तुम्ही तर बाई हाय की."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. तशी ती पदर तोंडाला लावून भर बाजारात रडायला लागली, आणि शेजारची कोथिंबीरवाली माझ्यावर तुटून पडली, "काय वो, कशापायी रडवताय तिला?"