नवरात्रात बंद ठेवलेलं औषध

आईला त्या कॅप्सूल सुरू झाल्या तेव्हा आम्हाला भीती होती ती तिच्या आजाराची. औषधाची भीती नंतर आली आणि तीच जास्त टिकली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आजही समोर कुणी चहाच्या घोटाबरोबर गोळी तोंडात टाकली की मी विचारते, काही खाल्लंय का? लोक हसतात. मी हसत नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी आळेफाट्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि राजुरीत आई-अण्णांजवळ राहत होते. आईचं विसरणं आधी आम्ही वयावर घातलं. मग एक दिवस ती दूध तापत ठेवून निघाली ती थेट हमरस्त्यावर, नगरच्या दिशेने. तिला निरगुडसरला, माहेरी जायचं होतं. निरगुडसर दुसऱ्या बाजूला, आंबेगाव तालुक्यात. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने तिला परत आणून सोडलं. ती अण्णांकडे बघून त्याला म्हणाली, "या पावण्यांना पण पाणी द्या, लांबून आल्यात."

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आईने त्यांना 'अवो' याशिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवसापासून ते पावणं झाले.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. हा आजार बरा होत नाही. या कॅप्सूलने लक्षणं काही काळ सावरतात, ती सुद्धा सगळ्यांची नाही. सर्वांत कमी ताकदीपासून सुरुवात करायची, सकाळ-संध्याकाळ, आणि काही आठवडे सोसली तर पुढच्या ताकदीची द्यायची. पण जेवणाबरोबरच. रिकाम्या पोटी कधीच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, तरी पहिल्याच आठवड्यात आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि आम्ही कॅप्सूल नुसत्या चहावर दिली. तासाभरात ती उलट्यांनी अंगणात वाकली. तेव्हापासून अण्णांनी हे काम स्वतःकडे घेतलं.

ते काम त्यांनी फार नेमाने केलं. दुधात भाकरी कुस्करायची, ती निम्म्याहून जास्त पोटात गेली की कॅप्सूल, मग उरलेली भाकरी. आई कधी कधी कॅप्सूल गालात दाबून ठेवायची. अण्णा तिला तोंड उघडायला लावत आणि गायीचे दात बघावेत तसे आत बघत. ती चिडून म्हणायची, "बाजारात उभी केली का मला?" अण्णा म्हणायचे, "किंमत चांगली येईल, तोंड उघड." औषधाचा डबा वरच्या फळीवर असे, तिचा हात पोचणार नाही असा. एक पाकीट मात्र कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर आधी हे दाखवा, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ताकद एकेक पायरी वाढत गेली आणि तिसऱ्या पायरीवर एका सकाळी आई मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यात बसली. पानं आणि काड्या बरोबर वेगळ्या करत होती. मी चपला घालत होते. तिने वर बघितलं आणि विचारलं, "आज शाळेला उशीर न्हाई का झाला तुला?" एवढंच. मी शाळेत पोचेपर्यंत रडत होते. त्या औषधाने आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर हे वाक्य. आणि ते वाक्य मिळालं होतं, म्हणून पुढे जे झालं त्यानंतरही आम्हाला ते औषध सहज टाकून देता आलं नाही.

त्या वर्षी नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध घट आणि वर रोज एक कारळ्याच्या फुलांची माळ. आई लहानपणापासून नऊही दिवसांचे उपास करायची. दुपारी एकदा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बाकी पाणी. घरातले बाकीचे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास धरत. तिला वार आठवत नव्हता, माझं नाव आठवत नव्हतं, पण घटाची माती बघितल्याबरोबर तिने भाकरीचं ताट मागे ढकललं. अण्णा कॅप्सूल घेऊन बसले तर म्हणाली, "देव बसलाय घरात आन् मला बाटवायला आलाय व्हय, पावणं? उठा."

अण्णा विचारात पडले. आमच्या बोलण्यात जेवण म्हणजे भाकरी, कालवण, भात. उपासाची भगर म्हणजे जेवण नव्हे. उपास करणाऱ्याचं पोट रिकामंच असतं, असंच सगळे धरून चालतात. डॉक्टरांनी रिकाम्या पोटी द्यायला मनाई केलेली, आणि उलट्यांची ती सकाळ अण्णा विसरले नव्हते. ते मला म्हणाले, "नऊ दिसांचा तर प्रश्न हाय. देवाचं व्हऊ दे, मग फिरून चालू करू. तेवढाच अंगाला इसावा." मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. औषध जास्त झालं तर घात होतो हे आम्हाला माहीत होतं. न देण्यात धोका असेल हे आमच्या मनात येण्यासारखं नव्हतं. डबा फळीवरच राहिला.

दसऱ्याला घट उठले. आईने उपास सोडला, पुरणपोळी दुधात बुडवून पोटभर खाल्ली. अण्णा खूश होते. इतकं भरलं पोट औषधाला कधी मिळालं नव्हतं. त्यांनी डबा काढला आणि जिथे थांबलो होतो त्याच ताकदीची कॅप्सूल दिली.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला यायला लागले. आई खुर्चीत बसून आपट्याची पानं घेत होती, ओळख नसली तरी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत होती. मध्येच ती थांबली. कपाळावर घामाचे थेंब आले. मग उलटी झाली, लगेच दुसरी, आणि मग त्या थांबेनातच. कुणी म्हणालं, पुरण बाधलं. कुणी आलं-लिंबू आणायला पळालं. मी तिचं मनगट धरलं. अंग गार आणि ओलं होतं, तोंडातून लाळ गळत होती आणि नाडी मला सापडतच नव्हती. सापडली तेव्हा एक ठोका पडायचा, आणि पुढचा पडेल की नाही याची वाट बघावी लागायची. तसं वाट बघणं मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. तिच्या मांडीवरची आपट्याची पानं खाली सांडली होती आणि त्यांवरूनच आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं.

नारायणगावला दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झाला होता. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि अण्णांना कडेला घेतलं. मी मागे उभी होते.

"घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता?"

अण्णांना आधी कळलंच नाही. त्यांनी सांगितलं, गोठ्याच्या माळ्यावर, कुलपात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्या प्यालेल्या असतील, किंवा कुणी दिलं असेल, तर आत्ता सांगा. पोलिसांना कळवावं लागेल, पण आधी मला माणूस वाचवू द्या."

आमच्या भागात डॉक्टरांना हे विचारावंच लागतं. टोमॅटो आणि द्राक्षांच्या पट्ट्यात फवारा बाधलेली माणसं नेहमी येतात, आणि मुद्दाम प्यालेलीही. त्यांत त्यांचं काही चुकलं नाही. पण अण्णा भिंतीला धरून खाली बसले. ते एवढंच म्हणाले, "मी न्हाई दिलं." कुणी त्यांच्यावर आळ घेतला नव्हता. नंतर कितीतरी वेळा त्यांनी हेच वाक्य झोपेतही म्हटलेलं मी ऐकलं.

मला खिशातलं पाकीट आठवलं. मी वाकून ते अण्णांच्या सदऱ्यातून काढलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी नाव वाचलं, परत आईच्या डोळ्यांत बघितलं, आणि पाकिटावर लिहून ठेवलेला पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर लावायला सांगितला. फोनवर ते आमच्याकडे बघत एकेक प्रश्न विचारत गेले. ताकद कोणती? रोज घेत होत्या का? मध्ये थांबवली होती का? मी नवरात्राचं सांगितलं तेव्हा पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं, आणि नारायणगावच्या डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

सकाळपर्यंत आईची नाडी जागेवर आली. अंगात सलाईनची सुई होती आणि ती उपटू नये म्हणून अण्णा तिचा हात धरून बसले होते. तिने त्यांना विचारलं, पावणं, तुमचं कोण आजारी हाय?

त्या डॉक्टरांनी मग आम्हाला समजावलं. ही कॅप्सूल अंगाला हळूहळू सवय लावत चढवावी लागते, आणि खंड पडला की अंगाची सवय मोडते. तीन दिवसांहून जास्त खंड पडला असेल, तर जुन्या ताकदीने सुरू करायचीच नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा पहिल्या पायरीपासून. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. आणि भगर चालली असती. पोटभर भगर हे औषधाला जेवणच असतं.

हे सगळं अण्णांनी मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमाला ते फवारणीचं कसं वाटलं मग?"

डॉक्टरांनी टाळलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खरं सांगितलं. काही फवारणीची औषधं आणि ही कॅप्सूल, शरीरात दोन्हींचं काम एकाच ठिकाणी चालतं. कॅप्सूल अगदी थोडं, मोजून करते. फार झालं की लक्षणं सारखीच दिसतात.

अण्णांनी आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन फवारे मारले होते. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून. घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय ते मला लहानपणी जवळ येऊ देत नसत. आता ते म्हणाले, "बंद. मला न्हाई द्यायचं." पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की बंद करायला हरकत नाही, तो निर्णय तुमचा, फक्त मनाने काही सुरू करू नका.

औषधाविना महिनाभर गेला. आईने मेथीची जुडी हातात घेतली आणि तशीच काड्यांसकट तोंडात घातली. एक दिवस आरशातल्या बाईला घाबरून ती कोपऱ्यात जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. अण्णा तिच्याजवळ जमिनीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पुण्याला जायची गाडी ठरवली.

पुन्हा सर्वांत कमी ताकद, पुन्हा दुधभाकरी. पण अण्णा पूर्वीसारखे राहिले नाहीत. कॅप्सूल दिली की ते साबणाने हात धुवायचे, कोपरापर्यंत, शेतातून आल्यावर धुवायचे तसे. मग घड्याळ समोर ठेवून तिची नाडी धरून बसायचे. मी शाळेत वर्गात उभी असे आणि शिपाई दाराशी आला की माझ्या हातातला खडू थांबे. तो कधी फक्त सूचनेचा कागद घेऊन आलेला असायचा. तो कागद वाचायला मला वेळ लागायचा. थोडा उपयोग झाला का? झाला. ती आरशाला घाबरेनाशी झाली. मेथी मात्र तिने पुन्हा निवडली नाही.

पुढचं नवरात्र जवळ यायला लागलं तशी आमची झोप उडाली. उपास म्हटला की ती तोंड मिटणार, संध्याकाळचं तर काहीच घेणार नाही. उपास मोडायचा म्हणजे तिला शेवटचं जे आठवत होतं ते काढून घ्यायचं. अण्णा आधीच डॉक्टरांना विचारून आले. दोन वेळा भगर द्या, थोडी का होईना, आणि घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी मला फोन करा, असं त्यांनी सांगितलं होतं. अण्णांनी भगर आणून ठेवली, शेंगदाणे भाजून कूट केलं. पोळ्यालाही त्यांनी बैल एवढ्या तयारीने सजवले नव्हते, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत.

घट बसले. पहिल्या दिवशी घरात सगळ्यांचाच उपास. आईने भगर खाल्ली. दुसऱ्या दिवशी अण्णा घटापासून लांब, स्वयंपाकघराच्या दाराआड जेवायला बसले. तिला भाकरी दिसू नये म्हणून. ती भिंतीला धरत धरत तिथे गेली, घटावरून नजर फिरवत, आणि त्यांच्या ताटासमोर बसली.

"भाकरी द्या की, पावणं. लई भूक लागलीय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग ताटातली भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवली. तिने सगळी खाल्ली, वाटी पुसून. घट चार हातांवर होता. अण्णांनी डबा काढला, कॅप्सूल दिली, तोंड उघडायला लावलं. आत काही नव्हतं, नीट गिळली होती.

"आता उपासाची काळजी न्हाई," ते म्हणाले.

डबा त्यांच्या मांडीवरच होता. आई ताटातले भाकरीचे कण बोटाने टिपत होती. मी म्हटलं, अण्णा, डबा वर ठेवा, तिचा हात पोचेल. ते उठले आणि त्यांनी तो फळीवर ठेवला.