बाभळीच्या मुळाची खुर्ची

पिंपळगाव रेणुकाईजवळच्या उतारावर मी जमिनीच्या धुपेची पाहणी करत होतो. नकाशात तो उतार सुरक्षित दिसत होता, म्हणजे तिथे बांधबंदिस्ती होणार नव्हती. शेळ्या राखणारे एक आजोबा बाभळीच्या उघड्या मुळावर बसून तंबाखू मळत होते.

"काय मोजून राह्यला, साहेब?"

"माती किती वाहून गेली ते, आजोबा."

"मंग कागदात काय बघता? ल्हान असताना मी या मुळाला ठेचकाळायचो. आता खुर्ची झाली माझी."

मी टेप लावला. मूळ गुडघ्याएवढं वर आलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी, पण माझ्या अहवालातली चूक त्यांनी बसल्या बसल्या टाळली. 'सुरक्षित' खोडून 'धोका' लिहिताना हायसं वाटलं.

आता इथे बांध होतील म्हटल्यावर ते हसले, "करा बिलकुल. माती भरून खुर्ची गेली, तर बसू की खाली."