धूर दिसला की नापास

फलितकाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी विचारायचे, "फलित काय?" कुणाचं लग्न होवो, कुणी विहीर खणो, कुणी काशीला जाऊन येवो, प्रश्न तोच. हे नाव आम्ही सेविकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा ते चक्क खूश झाले.

एकोणीसशे साठच्या आसपास कळंब तालुक्यातली गावं सुधारायची म्हणून यवतमाळच्या काही वकील-मास्तरांनी एक संस्था काढली होती. काका तिचे चिटणीस, मी पगारी सेविका. ते स्वतः पैही घेत नसत. फुकट काम करणाऱ्या माणसाला गप्प बसवता येत नाही, हीच सगळी अडचण होती.

आधी फलित ठरवायचं आणि मग त्याला शोभेल अशी योजना आखायची, ही त्यांची रीत. बायकांचे डोळे धुराने जातात म्हणून घरोघर बिनधुराची चूल बसवायचं ठरलं. इथवर ठीक. पण यश मोजायचं कसं? प्रत्येक स्वयंपाकघरात वाकून शिरणं काकांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला मानवणारं नव्हतं. "गावाबाहेरच्या टेकाडावर उभं राहायचं," ते म्हणाले. "कौलांवर धूर दिसला की ते घर नापास." चुलीला धुराडं असतं ते धूर बाहेर काढायलाच; मग तो कौलांवर दिसणार नाही तर जाईल कुठे? मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही फार तपशिलात शिरता." आणि त्यांनी प्रत्येक घरातलं धुराडं कौलांच्या हातभर खालीच थांबवलं. मातीची ती नळकांडी फुटू नयेत म्हणून मात्र एसटीत स्वतःच्या मांडीवर घेऊन यायचे. इतक्या मायेने इतका मूर्खपणा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशाच एका गावातल्या गिरजाबाईने नव्या चुलीसाठी जुनी फोडून टाकली होती. आता धूर आढ्यापर्यंत जाऊन परत खाली येई आणि तिला तव्यावरची भाकर दिसेना. काका गावात आले तसं तिने त्यांना गाठलं. "धूर घरातच ठेवाचा होता त जुनी चूल कायले फोडाले लावली, साहेब? माह्ये डोये जाऊन राह्यले."

"थोडी कळ सोसा. फलित उत्तम येतंय," काका म्हणाले.

गिरजाबाईने फलिताची वाट पाहिली नाही. कळंबच्या मिस्त्री चाचांना बोलावून दोन कौलं काढली आणि धुराडं छपराबाहेर नेलं. हळूहळू तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं.

नागपूरचे देणगीदार पाहणीला आले, नेमके चिंतामणीच्या यात्रेच्या दिवशी. सगळं गाव कळंबला गेलेलं, चुली थंड. टेकाडावरून काकांनी ऐटीत हात फिरवला. "पाहा, धुराची रेघ नाही!" तेवढ्यात एक निघाली. सासू आजारी म्हणून गिरजाबाई यात्रेला गेली नव्हती. गावात जी एकच चूल नीट चालत होती, तीच नापास झाली.

काका तरातरा खाली उतरून तिच्या दारात उभे राहिले. "हे धुराडं कापून टाका."

गिरजाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "कापा ना. पण पह्यले आत या, चुलीपाशी बसा, अन् मंग कापा."

काका आत जाऊन बसले. आत धूर नव्हता. त्यांनी तिथेच चहा घेतला, धोतर झटकत बाहेर आले आणि देणगीदारांना म्हणाले, "हे घर अपवाद समजा." धुराडं कापलं नाही, एवढं मात्र खरं. बाकीच्या घरांत ते हातभर खालीच राहिलं.

पुढे काही वर्षांनी काका वारले. मी काकूंना भेटायला यवतमाळला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात तीच चूल, तेच खाली थांबलेलं धुराडं, भिंती काळ्या. काकूंचे डोळे लाल होते. रडून झाले असतील असं मला आधी वाटलं.

"काकू, धुराडं वर का नेलं नाही?"

"यांचं फलित बिघडलं असतं ना," त्या म्हणाल्या.

काकांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. तो ऐकायला ते नव्हते, म्हणून रडूही आलं.

पुढच्या खेपेला मी मिस्त्री चाचांना सोबत नेलं. धुराडं छपराबाहेर निघालं, चूल पेटली. काकू अंगणात आल्या आणि डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर पाहत राहिल्या.

"नापास झाले गं मी," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.