मोरपंखी मासा आणि नाकाडोंगरीचा बस्ता

मासे निवडताना मी फक्त काठ-पदर बघितला, एवढीच माझी चूक. पुढचं सगळं माशांनी केलं.

मोहाडीत आमचं साड्यांचं दुकान आहे. मूळ घर आंधळगावचं, विणकराचं. आजोबा मागावर बसत, बाबूजी गादीवर बसले आणि मी गादीखाली. म्हणजे घड्या घालणं, गिऱ्हाइकाला पाणी देणं आणि 'रंग जाणार नाही' अशी शपथ घेणं, ही माझी खाती. (शपथ मी मनापासून घेतो. रंग कधीकधी जातो, तो त्याचा स्वभाव.) मालाची खरेदी मात्र बाबूजी स्वतः करत. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि लग्नसराईच्या खरेदीला नागपूरला कोण जाणार, हा प्रश्न उभा राहिला. मी चाळिशीला टेकलेला एकुलता एक मुलगा. मला वाटलं, उत्तर उघड आहे. बाबूजींना तसं वाटत नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या मेहुण्यानं दुकानात ठेवायला काचेची मासोळ्यांची टाकी भेट दिली. हातभर लांबीची, पंप-बिंप सगळं लावलेली आणि रिकामी! (मेहुण्याची प्रत्येक भेट अशी अर्धीच असते.)

"सुधाकर," बाबूजी म्हणाले, "माल आणाले नजर लागते. तुले ते हाये का नाई, मले मालूम नाई. पहिले या टाकीसाठी मासोळ्या निवडून आण. बाजाराच्या दिवशी टाकी शोभली, तं नागपूरची खरेदी तुयाकडे."

"पण बाबूजी, मासोळ्यांचा अन् साड्यांचा काय संबंध?"

"गिऱ्हाइकाचे डोये थांबले पाहिजे. बस."

माझी बायको कुंदा बाजूला अस्तर कापत होती. ती म्हणाली, "अजी, कोणती मासोळी कोणासंग राहते, ते विचारजा दुकानदाराले. नुसता रंग नका पाहू."

"तू मले रंग शिकवून राहिली?" मी म्हणालो आणि भंडाऱ्याची बस पकडली.

तिथल्या दुकानदारानं आधी टाकीचं माप विचारलं. मी हात पसरून दाखवलं.

"मंग गप्पी न्या, भाऊ. बारके हायेत, मिळूनमिसळून राहतात."

गप्पी! डासांच्या अळ्या खायला दवाखान्याची माणसं आमच्या गल्लीत फुकट सोडतात, ते! लग्नसराईच्या दुकानात दर्शनी भागाला अस्तराचं कापड टांगावं, तसं झालं हे. मी मान वळवली, आणि फळीवर वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलेले ते दोघे मला दिसले. एक लालभडक आणि एक मोरपंखी. काय तो पदर! काय तो घोळ! एवढा झुळझुळीत माल मी नागपुरातसुद्धा पाहिला नव्हता. (नागपुरात मला कोणी नेलंच नव्हतं, हा भाग वेगळा.)

"हे दोन द्या."

"भाऊ, ते फायटर हायेत. एका टाकीत एकच ठेवा लागते. दोन टाकले तं एकमेकाले फाडतात."

मी गालातल्या गालात हसलो. हा डाव माझ्याच धंद्यातला! 'ताई, ही साडी तुमच्यासाठी नाही, राहू द्या,' एवढं म्हटलं की ताई तीच साडी घेऊन उठतात. आणि 'फायटर' हे नाव? आम्हीही साध्या सुती साडीला 'महाराणी' म्हणतोच की!

"मायाकडे टाक्या दोन हायेत," मी ठोकून दिलं.

त्यानं दोन वेगळ्या पिशव्या केल्या आणि मध्ये कागद धरून बांधल्या. पॅकिंगला मात्र मी मनात दाद दिली.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता आणि नाकाडोंगरीची मंडळी बस्ता बांधायला आली. बस्ता म्हणजे लग्नघराची अख्खी कापडखरेदी. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत. नवरीची आजी मध्ये, मामा कडेला आणि बाकीची गादी बायकांनी भरलेली. बाबूजींनी मला डोळ्यानं खुणावलं. मी सगळ्यांसमोर, उद्घाटन करावं तशा थाटात, दोन्ही पिशव्या टाकीत मोकळ्या केल्या.

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पंख पूर्ण पसरले. गादीवरून "आई गं!" असा आवाज उठला.

"पाहा, पदर उलगडून दाखवून राहिले!" मी म्हणालो. बाबूजींचे डोळे माझ्यावर थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांत कौतुक होतं. मी कॉलर ताठ केली.

एवढ्यात लालनं मोरपंखीच्या पदराचा लचका तोडला.

"अरे बाप्पा!" मामा गुडघ्यांवर उभे राहिले. "हा तं झुंजीचा कोंबडबाजार भरला! लाल मायाकडून!"

"कायचा लाल? निळाच भारी हाये!" दाराशी उभा असलेला एक अनोळखी माणूस ओरडला. पाठोपाठ बाजारातली आणखी माणसं आत शिरली. मी उलगडलेल्या शालूवर तिघं चपलांसकट उभे राहिले. मामा लालला नावानं हाक मारू लागले. (नाव त्यांनीच ठेवलं होतं.)

आजी मात्र उठली. "चला गा सारे! लग्नाच्या कपड्याले आलो अन् इथं भांडण? पोरीचा संसार असाच व्हायचा काय? मले नाई पाहिजे इथला बस्ता!"

बाबूजींचा चेहरा न धुतलेल्या मांजरपाटासारखा झाला. मी चहाची गाळणी घेतली, लालला उचललं आणि हाताशी आलेल्या, पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या जगमध्ये सोडलं.

"आजी, बसा वो, पाणी तं घ्या," बाबूजी काकुळतीनं म्हणाले. त्यांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी तोच जग उचलला आणि पेला भरून आजीच्या हातात दिला.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर उशीर झाला होता. आजीनं पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबली. आतून लाल तिच्याकडे पाहत होता, पंख पसरून.

तेवढ्यात अस्तर बाजूला ठेवून कुंदा पुढे आली. तिनं दोन्ही हातांनी तो पेला धरला आणि डोक्यावर पदर घेतला.

"आजी, लोक घरून निघताना मासोळी दिसाले पाहिजे म्हणतात, चांगला शकुन असते. तुमच्या तं हातात आली, अन् तेबी लाल! पोरीचं नशीब भल्लं जोरदार हाये वो."

आजीनं पेल्यात पुन्हा डोकावून पाहिलं. मग कुंदाकडे. मग सावकाश खाली बसली.

"असं म्हणता?" ती म्हणाली. "मंग नवरीचा शालू याच रंगात दाखवा."

शालू निघाला. मोरपंखीही निघाला, वरमाईसाठी. संध्याकाळपर्यंत अख्खा बस्ता बांधून झाला. टोपी तेवढी मामांनी नाकारली, कारण मारामारी अर्धवट थांबवल्याबद्दल ते माझ्यावर रुसले होते.

लालला कुंदानं घरी वेगळी टाकी केली आणि फाटक्या पदराचा मोरपंखी दुकानात एकटाच राहिला. त्या दिवशी दुकान बंद करताना बाबूजी एवढंच म्हणाले, "नागपूरले कुंदा जाईल." जरा वेळानं, माझ्याकडे न पाहता, "तूबी जा संग."

तेव्हापासून मी खरेदीला जातो. नुसता जातो असं नाही, व्यापारी प्रत्येक साडी आधी मलाच दाखवतात. मी खूश होऊन मान डोलावली, की कुंदा ती ताबडतोब परत करते. यंदाच्या सराईत आमच्या दुकानात एकही साडी पडून राहिली नाही.

"पोराले नजर हाये," बाबूजी आता गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात. "उलटी हाये, पण कधी चुकत नाई!"